वाफसा रविवार बघून येत नाही

मे महिन्यात आमच्या शेतावरच्या वर्षभराच्या वर्गांचं पत्रक निघतं आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. "काकू, पत्रक मिळालं, पण तारखा छापायच्या राहिल्यात काय?" राहिलेल्या नाहीत. पत्रकात 'मृगातला पहिला वाफसा' (म्हणजे पेरणीजोगी ओल), 'आश्लेषात बंद', 'घट बसायच्या आधी', 'गुऱ्हाळ पेटल्यावर' असंच लिहिलेलं असतं. पोहण्याच्या क्लासला तारीख असते, चित्रकलेच्या शिबिराला असते, मग शेतावर मुलांना आणायचं तर तारीख का नाही? फोनवर हे दरवेळी अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते.

आधी शेताबद्दल. पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडून वडणग्याच्या बाजूला गेलं की दोन एकराचा एक तुकडा आहे. जमीन आबांची. आम्ही कोल्हापुरातली बारा कुटुंबं त्यात त्यांच्याबरोबर राबतो आणि पीक वाटून घेतो. "मग तुम्ही सगळ्यांनी मिळून जमीनच का घेत नाही?" असंही लोक विचारतात. कारण सोपं आहे. आपल्याकडं १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यामुळं शहरातल्या लोकांचं सामायिक शेत म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या शेतकऱ्याची जमीन आणि बाकीच्यांचे हात. लंडनमध्ये केंटिश टाउन भागात १९७२ साली असंच शहरी शेत सुरू झालं आणि तिथून ती कल्पना इंग्लंडभर गेली असं सांगतात. पण आबांना त्याचं काही अप्रूप नाही. "म्हंजे पैराच की," एवढंच ते म्हणाले. पैरा म्हणजे आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू, मजुरीचा व्यवहार नाही. आमच्याकडं वर्गाची फीसुद्धा पैऱ्यानं देता येते: दोन सकाळी भांगलण करा, म्हणजे खुरप्यानं तण काढा, आणि तुमचं मूल एका वर्गाला फुकट. भांगलायला बसलेले आईबाप बऱ्याचदा मुलांपेक्षा जास्त शिकून जातात.

आता पत्रकातली नक्षत्रं. हे पंचांगातलं भाविक प्रकरण आहे असं समजून पुष्कळ लोक तो भाग वाचतच नाहीत. खरं तर ते सरळ कॅलेंडर आहे. आपले सण चंद्राच्या तिथीवर चालतात, म्हणून गणपती कधी ऑगस्टात येतात, कधी सप्टेंबरात. पावसाची नक्षत्रं मात्र सूर्यावर चालतात. सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रांतून फिरतो, म्हणजे एकेकाच्या वाट्याला साडेतेरा दिवस येतात. त्यामुळं रोहिणी दरवर्षी २५ मेच्या आसपास, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला लागते. एखाद्या दिवसाचा फरक सोडला तर ते हलत नाही. तिथीवर पेरणी केली असती तर अधिक महिन्याच्या वर्षी सगळा गोंधळ झाला असता. शेतकऱ्यानं सणाला चंद्र आणि पेरणीला सूर्य धरला. पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा' म्हणतात हे मुलांना सांगितलं की ती नक्षत्रं लगेच पाठ करतात. आश्लेषा आणि मघा कशा लक्षात ठेवायच्या, ते मात्र अजून जमलेलं नाही.

नक्षत्र आपल्याला पंधरवडा सांगतं. नेमका दिवस सांगतो तो वाफसा, आणि खरी अडचण तिथंच आहे.

चांगल्या मातीचं ढोबळ गणित असं: निम्म्या जागेत मातीचे कण आणि थोडा कुजलेला पालापाचोळा, उरलेल्या निम्म्या जागेत पोकळ्या. या पोकळ्यांत निम्मं पाणी आणि निम्मी हवा असेल त्या अवस्थेला वाफसा म्हणायचं. पाऊस पडल्या पडल्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरतात आणि मुळांना हवा मिळत नाही. आठवडाभर ऊन पडलं की नुसती हवा उरते. मधले ते दोन-तीन दिवस पेरणीचे. ओळखायचं कसं? मूठभर माती घ्या, दाबून लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. लाडू वळलाच नाही तर ओल कमी. पडून चपटा झाला तर रान ओलं. पडून फुटला तर वाफसा. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही, आणि सहा वर्षांची पोरंही हे आबांइतक्याच गंभीर चेहऱ्यानं करतात.

पहिल्या वर्षी आम्हाला एवढी अक्कल नव्हती. जूनमधला रविवार ठरवला, चाळीस मुलांची नावं घेतली, खिचडीचा बेत केला. शनिवारी रात्री पाऊस झाला. आबांचा सकाळी सहाला फोन आला, "पोरास्नी बलवू नगासा, रान चिकाट हाय. आजून दोन दीस जाऊ द्यात." पण मुलं निघालेली, पालकांनी गाड्या काढलेल्या, आणि आम्हाला तोंड दाखवायला जागा नव्हती. पेरणी केली. मुलांना चिखलात भारी मजा आली, फोटोही झकास आले.

आठ-नऊ दिवसांनी शेत बघायला गेलो तर सोयाबीन सगळीकडं विरळ, आणि जिथं जास्त पाय पडले तिथं तर काहीच नाही. मधोमध लहान लहान पावलांचे ठसे विटेसारखे वाळून बसलेले. आमची नदीकाठची काळी माती फार बारीक कणांची आहे, आणि ते कण पापडासारखे चपटे. ओल्यात दाबले की पापडाची चवड एकमेकांवर बसावी तसे बसतात आणि पोकळ्या बुजतात. वर ऊन लागलं की कवच तयार होतं. सोयाबीनला हे कवच जास्त नडतं, कारण त्याचा कोंब आपल्या दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन वर येतो. हरभऱ्याच्या डाळिंब्या मातीतच राहतात, वर येतो नुसता बारीक कोंब. सोयाबीन म्हणजे डोक्यावर पाटी घेऊन दारातून निघणारा माणूस. कवचाखाली त्याची मान मोडते. आम्ही एक ठसा खुरप्यानं अलगद उचलला, तर खाली मान मोडलेले चार पांढरे कोंब होते. दुबार पेरणी करावी लागली. त्या वर्षीपासून पत्रकातून तारखा गेल्या.

आता निरोप आदल्या दिवशी संध्याकाळी जातो. नोकरी करणाऱ्यांना हे जाचक होतं, मान्य आहे. शाळांना तर त्याहून जास्त. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरविरहित दिवस सुचवलेत, त्यामुळं शाळाही हल्ली विचारतात, आणि त्यांना बससाठी तारीख महिनाभर आधी लागते. त्यांना आम्ही मे महिना किंवा दिवाळीनंतरचे दिवस देतो, पेरणी देत नाही.

मे महिन्यात शेतात बघण्यासारखं काही नसतं असा एक गैरसमज आहे. उलट माती आणि बियाणं शिकायचं तर हाच महिना, कारण रान उघडं असतं आणि चुका करायला वेळ असतो. मुलांसाठी बाटलीचा प्रयोग: काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चमचाभर कपडे धुण्याची पावडर, खळखळून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात तळाशी बसते. गाळाला काही तास लागतात. चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. कुणी गगनबावड्याकडच्या मामाच्या गावची तांबडी माती आणतं, कुणी शिरोळची काळी, आणि तीन-चार बाटल्या ओळीनं मांडल्या की जिल्ह्याचा नकाशाच तयार होतो. एकाच जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शिरोळला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. पुस्तकात हे वाचून काही वाटत नाही, बाटलीत वाटतं.

मोठ्यांना त्याच दिवशी माती परीक्षणाचा नमुना घ्यायला शिकवतो. लोक बांधाजवळची मूठभर माती पिशवीत भरतात आणि अहवाल चुकला म्हणून तक्रार करतात. नमुना शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणांहून घ्यायचा, प्रत्येक ठिकाणी वीतभर खोल व्हीच्या आकाराचा खड्डा काढून त्याच्या भिंतीवरची माती खरवडायची. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा टाळायची. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून तिचे भाकरीसारखे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं.

बियाण्याची उगवण चाचणीही त्याच आठवड्यात. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, आठवडाभर पाणी शिंपडायचं. सत्तर उगवले तर बियाणं पेरणीलायक. शंभर दाणे घेतल्यामुळं शेकडेवारी न शिकलेल्या मुलालाही टक्केवारी कळते. दरवर्षी एखादं मूल पंच्याण्णवच दाणे मांडतं आणि मग गणिताचा तास वेगळाच रंगतो.

भाताच्या बियाण्याची मिठाच्या पाण्यातली परीक्षा मात्र सगळ्यांत आवडती. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, त्यात बी टाकलं की पोचट दाणे तरंगतात आणि भरलेले तळाशी जातात. तरंगलेले काढून टाकायचे, उरलेले दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुवायचे. धुवायचं विसरलं की काय होतं, ते मी इथं लिहीत नाही, एका कुटुंबाला अजून टोमणे बसतात.

आषाढात बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, मातीचे बैल करतो. त्यानंतर जुलैच्या मध्यापासून महिनाभर मुलांचे वर्ग बंद. कारण पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे पावसाळ्यात कोल्हापुरातल्या लहान पोरालाही तोंडपाठ असतात. २०१९ आणि २०२१ साली पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. आमचं शेत नदीच्या पलीकडं, तेव्हा पाणी चढायच्या आत परतता येणं महत्त्वाचं. शिवाय बांधावरच्या गवतात नाग, घोणस, मण्यार यांचे हे दिवस. या काळात मोठ्यांची एक बैठक शहरातच कुणाच्या तरी घरी होते, जमाखर्चाची. ती कंटाळवाणी असते, पण ती टाळणाऱ्यांना आम्ही पुढच्या वर्षी वाटणीत घेत नाही.

पाऊस ओसरला की सोयाबीनच्या मुळांचा वर्ग. हा माझा सगळ्यांत आवडीचा. एक झाड उपटायचं नाही, मातीसकट खणून काढायचं, बादलीतल्या पाण्यात हळूहळू धुवायचं. मुळांवर मोहरीएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या गाठी दिसतात. मुलांना पहिल्यांदा वाटतं रोग झालाय. मग एकेकाला नखानं गाठ फोडायला सांगायची. आतून गाठ गुलाबी-लाल निघते. गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "झाडाला रक्त असतं?"

उत्तर 'नाही' असं आहे, पण फारसं लांबचं नाही. हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतो, पण तो झाडाला तसा घेता येत नाही. ढीगभर धान्य समोर आहे आणि चूल नाही, तशी गत. रायझोबियम नावाचे जिवाणू मुळांत घर करतात आणि तो नायट्रोजन शिजवून झाडाला देतात. त्या बदल्यात झाड त्यांना साखर देतं. हाही पैराच. पण या जिवाणूंचं यंत्र जास्त ऑक्सिजन लागला की बंद पडतं, आणि अजिबात नसेल तर जिवाणूंना जगता येत नाही. म्हणून गाठीत ऑक्सिजन धरून मोजूनमापून देणारा एक पदार्थ तयार होतो. तो आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातीचा, लोह असलेला, म्हणून लाल. गाठ फोडून आतून लाल निघाली तर काम चालू आहे, हिरवट किंवा तपकिरी निघाली तर संपलं.

तेच झाड, तीच गाठ, पण बांधाच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या मोठ्यांचा हिशेब वेगळा चालतो. गाठी लाल असतील तर वरून युरिया कशाला टाकायचा? आयता नायट्रोजन मिळाला की झाड जिवाणूंना पोसायचं कमी करतं आणि गाठी घटतात. पोत्याचे पैसेही गेले आणि फुकटचा गडीही गेला. मुलांना आणि मोठ्यांना वेगळं बसवतो ते एवढ्यासाठीच. एकत्र बसवलं की आईबाप मुलांच्या आधी उत्तर देतात.

नवरात्राच्या वर्गात आम्ही नवं काहीच शिकवत नाही, घरात होतं तेच नीट बघायला सांगतो. घटासाठी लोक काळी माती न्यायला येतात तेव्हा प्रत्येक मुलाला दोन पत्रावळ्यांपुरती माती देतो. एक घट देवघरात, दुसरा गॅलरीत उन्हात. दोन्हीत धान्य तेच, पाणी तेवढंच. नवव्या दिवशी देवघरातले कोंब लांबसडक आणि पिवळे, गॅलरीतले बुटके आणि हिरवे. अंधारातला कोंब उजेड शोधत नुसता उंच होतो, हिरवा रंग करण्यात ताकद घालवत नाही. आमच्या आजीच्या वेळी घटावरून रब्बीचं भाकीत करायचे, कुठलं धान्य जोमानं आलं ते बघून. देवीपुढं मांडलेली उगवण चाचणीच म्हणा ना. आजीला हे बोलून दाखवलं असतं तर तिनं मला देवघरात पाऊल टाकू दिलं नसतं.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतात आणि गर्दीचा हंगाम सुरू होतो. आमचं स्वतःचं गुऱ्हाळ नाही, शेजारच्या शिवारातल्या एका गुऱ्हाळावर नेतो. गरम गूळ, भुईमुगाच्या शेंगा आणि काकवी यासाठी लोक येतात, त्यात गैर काही नाही. पण तिथं उभं राहून बघण्यासारखं शास्त्र आहे ते उकळीचं.

पाणी शंभर अंशाला उकळतं, आणि पाणी आहे तोवर खाली कितीही जाळ घातला तरी तापमान वर जात नाही. उसाच्या रसात साखर असते. पाणी उडत गेलं की रस घट्ट होतो आणि त्याचा उकळबिंदू चढत जातो. म्हणजे तापमान बघून आत किती पाणी उरलंय ते सांगता येतं. एकशे पाच-सहा अंशांच्या आसपास उतरवली तर काकवी. एकशे अठराच्या आसपास गेलं की ढेपेचा गूळ. मधले दहा-बारा अंश म्हणजे बाटलीत ओतता येणारी वस्तू आणि अडकित्त्यानं फोडावी लागणारी वस्तू यांतला फरक.

आमच्याकडं एक लांब दांडीचा थर्मामीटर आहे. गुळव्याकडं, म्हणजे गूळ करणाऱ्याकडं, तांब्यातलं गार पाणी आहे. तो काहिलीतला (रस उकळायच्या मोठ्या कढईतला) पाक थेंबभर पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळतो आणि काहिलीच्या काठावर आपटतो. टक्क आवाज आला की ओरडतो. मुलं थर्मामीटरवर ११७ वाचत असतात तेव्हा बहुतेक वेळा तो जाळ ओढायला सांगून मोकळा झालेला असतो. काहिल चुलवाणावरून उतरवून पाक गार करायच्या वाफ्यात ओतेपर्यंत आणखी एखादा अंश चढतोच, तो त्यानं आधीच धरलेला असतो.

त्याआधीचा भागही बघायचा. रस तापायला लागला की त्यात भेंडीचं खोड ठेचून काढलेलं बुळबुळीत पाणी घालतात. हा चिकटपणा रसातला बारीक कचरा धरून वर आणतो, ती मळी झाऱ्यानं काढून टाकायची. थोडा चुना घालतात तो रसाची आंबट बाजू मारायला, नाहीतर साखर फुटते आणि गूळ नीट बसत नाही. खाली जाळ उसाच्याच वाळलेल्या चिपाडाचा. शंभर किलो उसातून साधारण दहा-बारा किलो गूळ निघतो, बाकीचं बरंचसं वाफ होऊन डोळ्यांसमोर उडून जातं.

मोठ्यांसाठी इथं एक वेगळा अर्धा तास असतो, गुळाच्या रंगावर. बाजारात पिवळाधमक गूळ पटकन उचलला जातो म्हणून काही ठिकाणी हायड्रॉस पावडर टाकून रंग उजळवतात. रसायन न घातलेला गूळ उसाची जात, जमीन आणि मळी किती काढली यावर सोनेरीपासून तपकिरीपर्यंत कसाही असू शकतो. काळा म्हणजे हमखास सेंद्रिय, असंही नाही. नीट न काढलेली मळी आणि करपलेला तळ यांनीही गूळ काळा होतो. हे सांगितलं की निम्मे लोक नाराज होतात.

काहिलीपासून आठ फुटांवर चुन्याची रेघ मारलेली असते आणि तिच्या आत मूल गेलं तर त्या कुटुंबाचा वर्ग तिथंच संपतो. यात सवलत नाही. उकळत्या पाण्यापेक्षा पाकाचा चटका वाईट, कारण तो अंगाला चिकटून राहतो.

वर्षातला शेवटचा वर्ग हरभऱ्यातला, जानेवारीत. पहाटे सहाला बोलावतो आणि यावरही तक्रारी येतात. हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक केसांतून आंबट रस पाझरतो, तो दवात मिसळतो. पूर्वी बायका पहाटे पांढरं धुवट फडकं हरभऱ्यावरून ओढायच्या आणि पिळून आंब गोळा करायच्या, पोटदुखीवर द्यायला. आम्ही औषध म्हणून देत नाही, नुसतं जिभेला लावून बघायला देतो. फडकं ओढायला दोन मुलं लागतात, दोन्ही टोकं धरून पिकाच्या ओळींमधून चालत जायचं, पाय गारठतात आणि पोटऱ्या चुरचुरतात. आठ वाजता ऊन वर आलं की दव जातं आणि फडकं कोरडंच राहतं. साडेआठला गाडी लावून येणाऱ्यांना आम्ही ओला हरभरा भाजून देतो.